पाळकाचा मुलगा नौदलात निघालाय

भाऊ, सलाम. मी मिरजेची. माझे यजमान चर्चचे पाळक होते. जत, कवठेमहांकाळ, तासगाव करत छत्तीस वर्षं मंडळ्या सांभाळल्या. आता निवृत्त आहेत, पण रोज संध्याकाळी मिशन हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जाऊन पेशंटांच्या नातेवाइकांजवळ बसतात. एकुलता एक मुलगा बारा वर्षांपूर्वी अमेरिकेला सेमिनरीत शिकायला गेला. तिकडेच पाळक झाला, गेल्या वर्षी नागरिकत्वही घेतलं. सून नर्स आहे, आपल्या सांगलीचीच. नात पाच वर्षांची. आता तो म्हणतो, मंडळी सोडून तिकडच्या नौदलात चॅप्लेनच्या, म्हणजे सैन्यातल्या पाद्रीच्या, जागेसाठी अर्ज करणार. हे ऐकून ह्यांनी एकच वाक्य टाकलं, "मेंढपाळाच्या हातात काठी असते, रायफल नसते." दोन महिने झाले, बापलेक बोलत नाहीत. फोन वाजला की हे उठून अंगणात जातात. शेजारपाजारचे म्हणतात, परक्यांच्या सैन्यात कशाला, जायचंच होतं तर आपल्यात जायचं. तुम्ही नौदलात होता म्हणून लिहिते. त्याला चार शब्द समजावून सांगा. आणि मला खरं सांगा, जहाजावर पाद्रीचं काय काम?
– एक आई, मिरज

ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मला एका आचाऱ्यानं दिलेलं आहे.

मी बावीस वर्षांचा होतो. चिल्काचं ट्रेनिंग संपवून, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनाचं शिकून जहाजावर आलो त्याला वर्षही झालं नव्हतं. मुंबई सोडून चार दिवस झालेले. दुपारची वॉच संपवून वर आलो, अंगाला डिझेलचा वास, तर डिव्हिजनल ऑफिसरचं बोलावणं. त्यांच्या हातात सिग्नलचा कागद होता. वडील गेले. साहेब माणूस चांगला. पाठीवर हात ठेवला, टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला, "काही लागलं तर सांग" म्हणाले. पण त्यांना पाच मिनिटांत ब्रिजवर जायचं होतं. आणि मला काय लागणार होतं? माझं गाव, कोरेगाव. ते त्यांच्या हातात नव्हतं.

मेस डेकवर माणसाला एकटं रडायला जागा नसते. तीन मजली बंक, वरच्याची पाठ खालच्याच्या नाकाला. कुणी पत्ते खेळतंय, कुणी घोरतंय. मी मागच्या डेकवर जाऊन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो. अंधार पडल्यावर चीफ कुक आला. कोचीकडचा, ख्रिस्ती. "अजून एक चपाती" याच्यापलीकडे आमचं तोवर बोलणं झालेलं नव्हतं. हातात स्टीलचा मग, त्यात चहा. मग माझ्याकडे दिला आणि शेजारी बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "बाबूजी तेरे को घर में क्या बुलाते थे?"

"बाळ्या," मी म्हणालो. त्यानंतर जे व्हायचं ते झालं.

शेवटी तो मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला. प्रार्थना असणार. मला एक अक्षर कळलं नाही, मी वारकऱ्याच्या घरचा. पहाटे चारला त्याला कणीक मळायला उठायचं होतं, तरी मी उठेपर्यंत तो उठला नाही. आमचं जहाज किनाऱ्याला लागून मी गावी पोचलो तेव्हा तेराव्याचा मांडवसुद्धा निघाला होता. वडिलांचं मी जे काही केलं, ते त्या वेटोळ्यावर बसूनच केलं असं मला अजून वाटतं.

जहाजावर पाद्रीचं काम काय, तर ते. आमच्याकडे ते एका आचाऱ्याच्या अंगी उपजत होतं म्हणून झालं. अमेरिकेच्या नौदलात त्यासाठी माणूस नेमतात, १७७५ पासून.

रविवारची उपासना, प्रभुभोजन, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाची दफनक्रिया हे सगळं आहेच. तुमच्या यजमानांना एक गोष्ट मुद्दाम सांगा. जहाज समुद्रात असताना चॅप्लेन उपासना घेत असेल, तेवढ्या वेळापुरता त्यांच्या राष्ट्रध्वजाच्या वर एक निमुळता पांढरा झेंडा चढतो, त्यावर निळा क्रूस. अमेरिकन माणूस झेंड्याच्या बाबतीत किती हळवा असतो ते मी बंदरांवर पाहिलंय. तरी त्यांच्या ध्वजसंहितेत ही सूट लिहून ठेवलेली आहे. आणि रात्री दिवे मालवायच्या आधी चॅप्लेन जहाजाच्या स्पीकरवर मिनिटभर प्रार्थना म्हणतो. इंजिनरूममध्ये, भटारखान्यात, विमानांच्या डेकवर, सगळीकडे एकदम ऐकू जाते. मोठ्या विमानवाहू जहाजावर पाच हजारांच्या आसपास माणसं असतात. जतकडचं एखादं मोठं गाव पाण्यावर तरंगतंय असं समजा.

पण ही झाली दिसणारी कामं. खरं काम दार लावून चालतं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं. कुणाची बायको सोडून गेली, कुणी कर्जात बुडालाय, कुणाला वरच्या अधिकाऱ्याचा जाच आहे, कुणाला रात्री कठड्यापाशी उभं राहिलं की नको ते विचार येतात. हे सांगायचं कुणाला? अधिकाऱ्याला सांगितलं तर कागदावर येतं. डॉक्टरला सांगितलं तर त्यालाही काही गोष्टी वर कळवाव्या लागतात, आणि पोरांना भीती असते की ड्यूटी जाईल, बढती अडकेल. चॅप्लेनला सांगितलेलं मात्र कुठंच जात नाही. त्यांच्या नौदलाचा तसा नियमच आहे. कॅप्टननं विचारलं तरी चॅप्लेन तोंड उघडू शकत नाही. ज्यानं सांगितलं त्यानंच परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. पोराच्या जिवाला धोका दिसला तर त्याला समजावून, त्याचा हात धरून डॉक्टरकडे न्यायचं, पण परस्पर सांगायचं नाही. हे ओझं किती असेल याचा विचार करा. तुमच्या यजमानांना ते नवीन नाही म्हणा. छत्तीस वर्षांत मंडळीतल्या लोकांनी त्यांच्याजवळ काय काय ठेवलं असेल, जे तुम्हालासुद्धा माहीत नसेल.

हे काम लढाईपेक्षा बाकीच्या दिवसांत जास्त लागतं. जॉर्ज वॉशिंग्टन नावाचं त्यांचं विमानवाहू जहाज कित्येक वर्षं व्हर्जिनियात गोदीत दुरुस्तीला उभं होतं. ना लढाई, ना समुद्र. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये एका आठवड्यात त्या जहाजावरच्या तीन नाविकांनी जीव दिला. गोदीतलं जहाज म्हणजे काय हाल असतात ते मी भोगलेत. दिवसभर ग्राइंडरचा आवाज, पाणी बंद, वीज बंद, गंजाची धूळ जेवणात. बाहेरच्या माणसाला वाटतं, किनाऱ्याला आहेत, मजेत असतील.

आता रायफलीचं. तुमच्या यजमानांचं वाक्य मला फार आवडलं, पण ह्या बाबतीत त्यांनी काळजी करू नये. चॅप्लेन शस्त्र धरत नाही. युद्धाच्या आंतरराष्ट्रीय करारांत डॉक्टरांसारखाच तोही न लढणाऱ्यांत धरलेला आहे. त्याच्याबरोबर एक मदतनीस असतो. उपासनेची मांडामांड तोच करतो आणि धोक्याच्या ठिकाणी चॅप्लेनचं रक्षणही तोच करतो. बंदूक असते ती त्या मदतनीसाकडे. तेव्हा मेंढपाळाच्या हातात काठीच राहील. हुद्दा मिळतो, तो अधिकाऱ्याचा, पगारही हुद्द्याप्रमाणे, पण कुठल्या तुकडीवर त्याला हुकूम चालवता येत नाही आणि हाक सगळे 'चॅप्लेन' अशीच मारतात. ब्रिटिशांच्या नौदलात तर चॅप्लेनला हुद्दाच नसतो. ज्याच्याशी बोलतोय त्याच्या हुद्द्याचा तो, अशी रीत. खलाशापुढं खलाशी, ॲडमिरलपुढं ॲडमिरल. मला विचाराल तर ही रीत जास्त शहाणपणाची. खांद्यावरच्या पट्ट्या बघितल्या की साध्या पोराची जीभ आपोआप अडखळते, समोरचा कितीही प्रेमळ असो.

पण शस्त्र नाही म्हणजे धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. १९ मार्च १९४५ ला जपानच्या किनाऱ्याजवळ फ्रँकलिन नावाच्या जहाजावर बॉम्ब पडले आणि सगळं जहाज पेटलं. जोसेफ ओकॅलहन नावाचे फादर त्या आगीत मरणाऱ्यांजवळ प्रार्थना म्हणत फिरत होते, आणि मधल्या वेळात पाण्याचे पाइप धरणाऱ्यांना पुढं नेत होते. ते वाचले. व्हिन्सेंट कपोडानो नावाचे दुसरे फादर ४ सप्टेंबर १९६७ ला व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांपर्यंत पोचायला धावले आणि तिथंच गोळ्या लागून गेले. दोघांनाही त्यांच्या देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यातली एक गोष्ट नीट बघा. कपोडानो नौदलाचे, पण गेले जमिनीवर. अमेरिकेच्या मरीन सैन्याला स्वतःचे चॅप्लेन नसतात, नौदलाचेच त्यांच्याबरोबर जातात. तटरक्षक दलाकडेही तेच. तेव्हा 'नौदल म्हणजे जहाज, जहाज म्हणजे लढाईपासून लांब' असा हिशेब घरात कुणी मांडला असेल तर तो चूक आहे. मुलाला हे माहीत असणार. तुम्हाला सांगितलंय का, ते विचारा.

यजमानांच्या वाक्यात रायफलीच्या मागे आणखी एक प्रश्न आहे असं मला वाटतं, आणि तो मी झटकून टाकणार नाही. देवाच्या माणसानं सरकारचा गणवेश घालावा का? उद्या त्या सरकारनं अशी लढाई काढली जी त्याच्या मनाला पटत नाही, तर? चॅप्लेन कॅप्टनला सल्ला देऊ शकतो. नीतीचा प्रश्न असेल तर तो देणं त्याचं कामच आहे. पण सल्ला मानायचा की नाही ते कॅप्टनच्या हातात, आणि बंदरातून निघालेल्या जहाजावरून उतरून घरी जाता येत नाही. मंडळीतला पाळक पंचांशी भांडून राजीनामा देऊ शकतो. इथं तसं नाही. मी वीस वर्षं गणवेश घातला आणि मला त्याचा अभिमान आहे, पण मी इंजिन चालवायला गेलो होतो. माझ्याकडून कुणी देवाच्या नावानं बोलण्याची अपेक्षा करत नव्हतं. तुमच्या यजमानांचा प्रश्न बरोबर आहे. फक्त तो अंगणात जाऊन विचारायचा प्रश्न नाही. त्यांच्याइतक्या अधिकारानं तो विचारणारं दुसरं कोण आहे त्या मुलाला?

एक गोष्ट त्यांना कदाचित माहीत नसेल, ती कळली तर राग थोडा उतरेल. नौदल कुणालाही उचलून चॅप्लेन करत नाही. सेमिनरीची पदव्युत्तर पदवी लागते, दीक्षेनंतर साधारण दोन वर्षं मंडळीत काम केलेलं लागतं, वय बेचाळिसाच्या आत लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्याच्या चर्चनं लेखी पाठिंबा द्यावा लागतो, की हा आमचा पाळक, आम्ही त्याला पाठवतोय. चर्चनं तो पाठिंबा काढून घेतला तर चॅप्लेनपण संपलं, नौदल कितीही खूश असो. म्हणजे तो मंडळी सोडून चाललेला नाही. मंडळीनं उसना दिलेला पाळक म्हणा.

दुसरा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण मिरजेच्या मंडळीत कुणीतरी काढलेला असणारच: त्याला दुसऱ्यांच्या धर्माचं करावं लागेल का? नाही. स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध एकही विधी त्याच्यावर लादता येत नाही. पण दुसऱ्याची सोय करणं त्याच्यावर आहे. मुसलमान पोराचा रोजा असेल तर सूर्यास्तानंतर त्याला गरम जेवण मिळेल हे बघायचं. ज्यू पोराच्या सणाला खोली मिळवून द्यायची. एखाद्या हिंदू पोराला दिवाळीत पणती लावायची असेल तर जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, मग काय करता येईल ते त्याच्याबरोबर बसून शोधायचं. आणि ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्याचंही दार वाजवायचं. तुमच्या मुलाला हे मनापासून जमणार आहे का, की समोरच्याला आपल्या वाटेवर आणायची घाई आहे, हे त्यानं स्वतःला विचारावं. घाई असेल तर त्यानं जाऊ नये. जहाजावर समोरच्याला उठून जायला जागा नसते, तिथं घाई करणारा पाद्री म्हणजे शिक्षा.

आपल्याकडेही हे आहे बरं का. आपल्या भूदलात धर्मगुरूंची भरती होते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू, सगळे नायब सुभेदार म्हणून घेतात, आणि पुण्यात राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांना एकमेकांच्या धर्माचं शिकवतात. माझा मेहुणा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. तो सांगतो, त्यांचे पंडितजी आरतीपेक्षा घरून आलेली पत्रं वाचून दाखवण्यात जास्त वेळ घालवायचे, आणि वाचताना काही ओळी गाळायचे. कुठल्या गाळायच्या ते त्यांना बरोबर कळायचं.

तेव्हा शेजाऱ्यांचं 'आपल्यात जायचं' हे बोलायला ठीक आहे. पण तो आता भारताचा नागरिक नाही, आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, ती वाट गेल्या वर्षीच बंद झाली. आणि परक्यांचं सैन्य म्हणाल, तर सातारा-सांगलीच्या माणसानं हे जरा जपून बोलावं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या नावानं स्मारक उभारलंय. ती माणसं कुणाच्या सैन्यात होती? निदान तुमचा मुलगा ज्या देशाचं अन्न खातो, ज्याचा नागरिक झाला, त्याच्याच सैन्यात चाललाय. उलट बाजूनं बघा. ज्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुमचे यजमान बसतात, ते डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. जन्म कॅनडातला, पाठवलं अमेरिकेच्या मिशननं, आले मिरजेत. त्यांच्याही घरी शेजारीपाजारी काहीतरी बोलले असतीलच.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. तुमच्या पत्रात कुणीच काढलेली नाही ती गोष्ट. नागरिकत्व घेतल्यावर आपले लोक ओसीआय कार्ड काढतात, म्हणजे व्हिसाशिवाय येता-जाता येतं. भारत सरकारचा नियम असा आहे की परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही. तुमच्या मुलानं कार्ड अजून काढलं नसेल तर नौदलात गेल्यावर त्याला ते मिळणार नाही, व्हिसा काढूनच यावं लागेल. आधीच काढलं असेल तर पुढं त्याचं काय होतं, हे त्यानं सही करायच्या आधी भारतीय वकिलातीकडून लेखी विचारून घ्यावं. तोंडी नको, एजंटाकडून तर नकोच. शिवाय सैन्यातल्या माणसाला परदेशी जायचं तर वरून परवानगी काढावी लागते, ते वेगळंच. तुम्ही दोघं सत्तरीकडे झुकलेले. रात्री फोन आला आणि त्याला निघायचं असेल, तर त्या वेळी हे कागद आडवे येतात. माझ्या वेळी समुद्र आडवा आला होता. कागदांचं निदान आधी बघता येतं.

आणि सून. तिचा उल्लेख पत्रात एका ओळीत आलाय, म्हणून जास्तच आठवण ठेवून लिहितो. जहाज एकदा निघालं की सहा-सात महिने, कधी नऊ. दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि ती देशाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला. तिकडे नर्सचं लायसन्स राज्याराज्यांचं असतं. बऱ्याच राज्यांनी आपसात करार केलाय, सगळ्यांनी नाही. म्हणजे दर बदलीला तिच्या नोकरीचं कोडं नव्यानं सोडवायचं, रात्रपाळी असेल तर पाच वर्षांच्या मुलीला कुठं ठेवायचं ते बघायचं. माझी बायको कोरेगावात दोन पोरं घेऊन राहिली, पण शेजारी माझी आई होती, चुलत्यांची घरं होती. तरी मी सुट्टीवर आलो की धाकटी तिच्या आईच्या पदराआड उभी राहून विचारायची, "हे कधी जाणार?" चार दिवसांनी माझ्या मांडीवर बसायला लागायची, तोवर माझी बॅग भरायची वेळ. तिकडे तुमच्या सुनेच्या शेजारी कोण आहे? मुलाला समजावायच्या आधी एकदा सुनेला फोन करा, आणि तिच्याशी एकटीशी बोला. "तुला काय वाटतं" एवढंच विचारा आणि मग गप्प राहा. ती 'नको' म्हणाली तर माझंही मत 'नको'. पाळकाचं घर मोडून पाळकपण होत नाही, हे तुमच्या यजमानांना मी सांगायला नको.

तुमच्या मुलाला चार शब्द मी समजावणार नाही, ताई. मला तो चुकीच्या वाटेनं चाललाय असं वाटत नाही. उलट तुमचं पत्र वाचताना मला राहून राहून वाटत होतं, की हे तो घरातूनच शिकलाय. लहानपणी संध्याकाळी वडिलांचा हात धरून त्या व्हरांड्यात गेला असेल. तिथं कोकणातून, कर्नाटकातून आलेली माणसं पथाऱ्या टाकून बसलेली असतात, आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू असतं. त्यातला कोण ख्रिस्ती, कोण लिंगायत, कोण मुसलमान, हे विचारून मग तुमचे यजमान कधी शेजारी बसले असतील असं मला वाटत नाही. बघितलंय पोरानं ते. आता तो तसाच दुसरा व्हरांडा शोधतोय, एवढंच.

हे यजमानांना तुम्ही सांगा, माझं नाव सांगून सांगा, हवं तर हे छापलेलं समोर ठेवा. फोनवर बोलायला जड जात असेल तर त्यांना लिहू द्या. पाळक माणूस आहे, लिहायची सवय असणार. त्यांचा प्रश्न, तो सरकारच्या गणवेशाचा, जसाच्या तसा लिहू द्या, मऊ करू नका. मुलाला त्याचं उत्तर देता आलं तर बरंच. नाही आलं तरी हरकत नाही, निदान तो प्रश्न बरोबर घेऊन जाईल. पाळकांना सोमवार मोकळा असतो म्हणतात. इथले रात्रीचे नऊ वाजले की तिकडे पूर्व किनाऱ्यावर सकाळ असते. ह्या सोमवारी फोन तुम्ही लावा, आणि अंगणाच्या दाराला आतून कडी घाला.

ओसीआयचं मात्र त्याच्याही आधी विचारा.